दुसऱ्याचं मूल आपल्या घरी दांडगाई करतं तेव्हा: बोलावं, सांगावं की सोडून द्यावं?

आपल्या मुलानं कुणाच्या हातातलं खेळणं हिसकावलं तर काय करायचं, हे चूक असो वा बरोबर, आपलं ठरलेलं असतं. तेच खेळायला आलेल्या मुलानं केलं की घरातली मोठी माणसं अवघडतात. कुणी न पाहिल्यासारखं करतं, कुणी "असू दे, लहान आहे" म्हणतं, कुणी उगाच स्वतःच्याच मुलावर डाफरतं. ते मूल घरी गेल्यावर मात्र तासभर तोच विषय चालतो. किती द्वाड आहे, आईबाप काही बोलतच नाहीत, पुन्हा बोलवायचंच नाही.

हातातले मार्ग खरं तर मोजकेच आहेत: सोडून देणं, मध्ये पडणं, मुलाशी बोलणं, त्याच्या आईवडिलांना सांगणं, खेळायची व्यवस्था बदलणं आणि अगदीच झालं तर भेटी थांबवणं. पुढे ते जोडीजोडीनं समोरासमोर ठेवले आहेत, कारण ऐन वेळी निवड बहुधा दोन पर्यायांतच करायची असते.

माझा कल आधीच सांगून टाकते. थोपवणं वेगळं आणि वळण लावणं वेगळं. जे मूल आपल्या देखरेखीखाली आहे, त्याला थोपवायचा आपल्याला हक्क आहे. खरं तर ते आपलं कामच आहे. वळण लावणं मात्र त्याच्या आईवडिलांचं. मोठ्यांमध्ये जे बिनसतं ते एक तर कुणीतरी ही रेघ ओलांडतं म्हणून, नाही तर थोपवायचंही धाडस करत नाही आणि मनात साठवत राहतं म्हणून.

आधी वय बघा

अडीच वर्षांच्या मुलानं ढकलणं आणि आठ वर्षांच्या मुलानं ढकलणं या दोन वेगळ्या घटना आहेत, धक्का सारखाच बसला तरी. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकी संशोधिकेनं १९३२ साली बालवाडीतल्या मुलांच्या खेळाची जी निरीक्षणं मांडली, ती आजही बालमानसशास्त्रात शिकवतात. अगदी लहान मुलं एकमेकांसोबत खेळत नसतात, शेजारी शेजारी खेळत असतात. वाटून घेणं, एकाच डावात आपापलं काम करणं हे नंतर येतं. म्हणजे दोन वर्षांच्या पाहुण्याकडून "मिळून खेळा" ही अपेक्षा करणं हीच पहिली गडबड.

मारामारीचंही तसंच. कॅनडातले रिचर्ड ट्रेम्ब्ले यांनी मुलांच्या मोठ्या गटांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. त्यातून दिसलं ते अनेकांना उलटं वाटतं: मारणं, चावणं, ढकलणं हे मूल मोठं होता होता शिकत नाही. दोन-तीन वर्षांच्या आसपास ते सर्वांत जास्त असतं आणि पुढे बहुतेक मुलं ते हळूहळू सोडायला शिकतात. त्यामुळे अडीच वर्षांचं चावरं मूल पाहून त्याच्या घरच्या वातावरणाविषयी काही तर्क करायला जाऊ नये. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, हे मुलांना साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास उमगू लागतं. त्याआधी "तिला कसं वाटलं असेल, सांग बरं?" हा प्रश्न बोलणाऱ्याच्याच समाधानासाठी असतो.

सात-आठ वर्षांच्या मुलाचं गणित निराळं. त्याला नियम कळतो, दुसऱ्याचं दुखणं कळतं, आणि मोठी माणसं खोलीत नसताना काय करता येतं हेही कळतं. तिथे "लहान आहे" चालत नाही. या वयात आणखी एक प्रकार दिसतो: काही मुलांना चुकून लागलेला धक्काही मुद्दाम मारल्यासारखा वाटतो आणि ती उलट हात उगारतात. अशा मुलाला आधी "मारू नकोस" सांगण्यापेक्षा "तिनं मुद्दाम नाही केलं, तिचा पाय अडकला" एवढं सांगितलं की निम्मा राग तिथेच उतरतो.

थांबून पाहणं की लगेच मध्ये पडणं

थांबून पाहण्याच्या बाजूनं बोलायला बरंच आहे. डाव कुणाचा, राज्य कुणावर, आऊट की नॉट आऊट, ही भांडणं मुलांनीच सोडवायची असतात. मोठं माणूस पंच म्हणून उभं राहिलं की मुलं एकमेकांशी बोलायचं सोडून पंचाशी बोलायला लागतात. शिवाय बऱ्याच वेळा आपल्याला जी मारामारी वाटते ती मस्तीच असते. फरक ओळखायला अवघड नाही. मस्तीत चेहरे हसरे असतात, आळीपाळीनं एक वर तर एक खाली होतो, ताकदवान मूल आपण होऊन जोर कमी करतं, आणि झाल्यावर दोघं पुन्हा एकत्रच असतात. खऱ्या भांडणात चेहरा ताणलेला, एकाचे डोळे रोखलेले, दुसरं निसटायला बघतंय, आणि सुटका झाली की दोघं दोन कोपऱ्यांत. मस्तीला रागावलात तर दोन्ही मुलं तुमच्याकडे चक्रावून बघतील.

"आम्ही तुला घेणार नाही" हेही ऐकायला जितकं क्रूर वाटतं तितकं दर वेळी नसतं. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ विल्यम कोर्सारो बालवाड्यांमध्ये मुलांत बसून त्यांचे खेळ पाहत. त्यांना दिसलं की लहान मुलं नव्या मुलाला अडवतात ते बरेचदा त्या मुलावर राग असतो म्हणून नाही, मुश्किलीनं जमलेला खेळ विस्कटेल म्हणून. त्यामुळे "तिलाही घ्या" असा हुकूम सोडण्यापेक्षा चालू खेळात तिला एखादी भूमिका सुचवावी: "तुमच्या दवाखान्यात पेशंट एकच आहे का? ही बघा दुसरी आली." खेळ मोडत नाही आणि तीही आत जाते.

पण थांबण्याची किंमत असते आणि ती बहुतेक वेळा आपलं मूल मोजतं. पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून आपण गप्प बसलो तर आपल्या मुलाला कळतं ते इतकंच: माझ्याच घरात, माझ्याच आईसमोर, माझ्या बाजूनं कुणी नाही. म्हणून काही ठिकाणी थांबणं हा पर्यायच नाही. कुणाच्या अंगाला लागतंय, दोघं मिळून एकाला पिडताहेत, पाळलेल्या प्राण्याला त्रास दिला जातोय, गॅलरी, पाणी, औषधं, विजेची उपकरणं यांच्याशी खेळ सुरू झालाय, किंवा एक मूल "नको" म्हणतंय आणि दुसरं ऐकत नाही. इथे एका ढांगेत पोचायचं. कारणमीमांसा नंतर.

या दोहोंच्या मधे एक जागा आहे आणि ती फार कमी वापरली जाते: नुसतं जाऊन बसणं. काही बोलायचं नाही. हातातलं काम घेऊन त्याच खोलीत टेकायचं. कितीतरी दांडगाई एवढ्यानंच ओसरते.

चहाडीबद्दल एक वाक्य. "काकू, तो बघा ना…" असं म्हणत मूल आलं की ते कुणाला तरी अडचणीतून सोडवायला आलंय की कुणाला तरी अडचणीत टाकायला, एवढं बघावं आणि त्याप्रमाणे उठावं किंवा बसून राहावं.

'लेकी बोले सुने लागे' की थेट बोलणं

पाहुण्या मुलाला थेट बोलायचं जिवावर येतं, म्हणून अनेक घरांत हा जुना मार्ग निघतो. उडी मारतो पाहुणा आणि आई ओरडते आपल्या मुलावर: "सांगितलंय ना सोफ्यावर उड्या मारायच्या नाहीत?" हेतू असा की पाहुण्यानं समजून घ्यावं, त्याच्या आईनंही ऐकावं, आणि तोंडानं वाईटपणा यायला नको.

या मार्गाच्या बाजूनं एकच गोष्ट आहे: मोठ्यांचे संबंध त्या क्षणी शाबूत राहतात. बाकी सगळा तोटाच. लहान मुलाला आडून बोललेलं कळत नाही, ते उड्या मारतच राहतं. ज्याला कळतं असं मोठं मूल मजेत असतं, कारण बोलणी दुसऱ्यानं खाल्लेली असतात. आणि आपलं मूल न केलेल्या गोष्टीसाठी मित्रादेखत ऐकून घेतं. यापेक्षा काहीच न बोललेलं परवडलं.

थेट बोलण्याला लोक घाबरतात ते थेट बोलणं म्हणजे रागावणं अशा समजुतीनं. तसं नाही. थेट बोलणं म्हणजे जवळ जाऊन, नाव घेऊन, हळू आवाजात, थोडक्यात नियम सांगणं, आणि जमलं तर त्याला जे हवंय त्याची दुसरी वाट दाखवणं. "अर्णव, आमच्याकडे सोफ्यावर उड्या मारत नाहीत. मारायच्याच असतील तर खाली गादी घालून देते." यात "आमच्याकडे" हा शब्द फार कामाचा आहे. त्याच्या घरी काय चालतं यावर त्यात शेरा नाही, फक्त इथली रीत सांगितलेली आहे. त्यावर "पण आमच्या घरी चालतं" असं उत्तर येणारच. त्याला "असेल हं. इथे नाही चालत," इतकंच पुरतं. वाद घालू नये. सात वर्षांच्या मुलाशी वादात जिंकलेलं मोठं माणूस मी तरी पाहिलेलं नाही.

मारामारीत वाक्य आणखी लहान हवं. हात मधे घालायचा आणि म्हणायचं, "मारायचं नाही. मी मारू देणार नाही." दंड धरून ओढायचं नाही, खांदे हलवायचे नाहीत. चेंडू, काठी, मोटार जे काही हत्यार झालं असेल ते शांतपणे काढून घ्यायचं.

काही वाक्यं मात्र टाळावीत. "का केलंस असं?" याचं उत्तर चार वर्षांच्या मुलाकडे नसतं आणि आठ वर्षांचं मूल ते रचून सांगतं. "घरी हेच शिकवतात का?" हे मुलाला उद्देशून नसतंच, ते जसंच्या तसं त्याच्या घरी पोचतं. "थांब, तुझ्या आईला सांगते" यात आपण आपला अधिकार गहाण ठेवतो आणि आईला सांगणं ही शिक्षा करून टाकतो. पुढे खरंच सांगायची वेळ आली तर ते मूल आधीच खोटं बोलायच्या तयारीत असतं. आणि "वाईट मुलगा", "दांडगट", "तू असाच आहेस" असली लेबलं आपल्या मुलासमोर लावली की ती दुसऱ्या दिवशी वर्गात पोचलेली असतात.

माफी मागायला लावावी का, हा पालकांमधला सनातन वाद. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी चार ते नऊ वर्षांच्या मुलांना माफीचे वेगवेगळे प्रसंग दाखवून त्यांचं मत विचारलं होतं. आपणहून मागितलेली माफी आणि मोठ्यांनी आठवण करून दिल्यावर मागितलेली माफी, दोन्ही मुलांना बऱ्यापैकी सारख्या वाटल्या. मनाविरुद्ध, जबरदस्तीनं वदवून घेतलेल्या माफीला मात्र त्यांनी, विशेषतः त्यातल्या मोठ्या मुलांनी, फारशी किंमत दिली नाही. स्वतःच्या मुलाच्या बाबतीत यावरून काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं, पण पाहुण्याकडून "सॉरी म्हण, म्हटल्याशिवाय खेळायचं नाही" असा हट्ट धरणं म्हणजे थोपवण्याची रेघ ओलांडून वळण लावायला जाणं. त्याऐवजी काहीतरी करायला द्यावं. पाडलेला मनोरा परत रचायला मदत, लागलेल्या जागी ठेवायला ओला रुमाल आणून देणं. ज्याला लागलंय त्याच्याकडे आधी लक्ष द्यावं, ज्यानं मारलं त्याच्याकडे नंतर. हा क्रम मुलं बरोब्बर टिपतात.

शिक्षेबद्दल माझं मत ठाम आहे: दुसऱ्याच्या मुलाला शिक्षा करायची नाही. कोपऱ्यात उभं करणं नाही, खोलीत बंद करणं नाही, इतरांना खाऊ देऊन त्याला न देणं नाही. फार तर "थोडा वेळ माझ्याजवळ बस, मग पुन्हा जा" इतकंच, आणि तेही शांत करण्यासाठी. हात उचलण्याचा तर प्रश्नच येत नाही. "खुशाल दोन रट्टे द्या, मी काही म्हणणार नाही" अशी परवानगी काही आईबाप हसत हसत देतात. ती घ्यायची नसते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये आईवडिलांनीसुद्धा मुलांना मारू नये असं स्पष्ट धोरण जाहीर केलं, कारण मारानं वागणं सुधारत नाही, उलट आक्रमकता वाढते. स्वीडननं तर १९७९ मध्येच घरातल्या मारावरही कायद्यानं बंदी आणली. जिथे आईबापांनाच सांगावं लागतं, तिथे आपण कोण?

आणि नियम दोघांना एकच. पाहुण्याला एक शब्द आणि आपल्याला चार, किंवा उलटं, हे मुलं मोजून ठेवतात.

मुलाशी बोलून संपवणं की आईवडिलांना सांगणं

इथे बहुतेकांचा तोल जातो. काही जण ओरखडाही फोन करून कळवतात, काही जण डोकं आपटलेलंही लपवतात.

मुलाशी बोलून संपवण्याचा फायदा असा की गोष्ट जिथे घडली तिथेच मिटते. मुलं बहुधा दहा मिनिटांत पुन्हा एक झालेली असतात; भांडण मोठ्यांच्या पातळीवर नेलं की ते आठवडाभर पुरतं. खेळणं हिसकावणं, कट्टी, रडारड, उलट उत्तर, एखादी शिवी, नियम मोडणं, हे सगळं तिथेच बोलून सोडून द्यावं. घ्यायला आलेल्या आईनं "त्रास तर नाही ना दिला?" विचारलं, की त्यावर सगळी यादी वाचून दाखवू नये. ती विचारते ते उपचार म्हणून, आणि मूल शेजारीच उभं असतं. "भांडले थोडे, खेळलेही भरपूर," हे खरंही आहे आणि पुरेसंही.

पण काही गोष्टी सांगायच्याच असतात, आणि त्याच दिवशी.

पहिली, दुखापत. कुणालाही झालेली, कुणाच्याही हातून. डोक्याला मार लागला असेल तर मूल नंतर हसत-खेळत असलं तरी सांगायचं, कारण सुस्ती किंवा उलटी काही तासांनीही होऊ शकते आणि बघायचं काय हे त्याच्या घरच्यांना माहीत हवं. चावल्यानं कातडी फाटली असेल तर जागा साबणानं, वाहत्या पाण्याखाली धुवायची, डॉक्टरांना दाखवायची आणि दोन्ही घरांना कळवायचं.

दुसरी, जिवावर बेतू शकेल असा खेळ. मूल न सांगता घराबाहेर पडलं, कठड्यावर चढलं, औषधाची बाटली उघडली. इथे तक्रारीचा सूर नको, माहिती हवी. त्यांच्या घरीही ते मूल हेच करू शकतं.

तिसरी गोष्ट लोक बोलायचं टाळतात. लहान, साधारण एका वयाच्या मुलांचं एकमेकांच्या शरीराबद्दलचं कुतूहल बरंच सर्रास असतं. दार उघडलं, "कपडे घाला, आता बाहेर खेळू" म्हटलं की ती निघून येतात, त्यात भीती किंवा बळजबरी नसते. तेव्हा आकांडतांडव करू नये. दोन्हीकडच्या मोठ्यांनी शांतपणे बोलून घ्यावं आणि पुढे दार उघडं ठेवावं. पण मुलांच्या वयात बराच फरक असेल, कुणी जबरदस्ती केली असेल, "कुणाला सांगू नकोस" अशी धमकी दिली असेल, किंवा एखादं मूल त्याच्या वयाला न शोभणारी माहिती दाखवत असेल, तर ती दांडगाई नव्हे. तिथे संबंध बिघडतील या भीतीनं गप्प बसायचं नसतं. त्या मुलालाही मदतीची गरज असू शकते, आणि बालरोगतज्ज्ञ किंवा समुपदेशकाचा सल्ला घेणं योग्य. मोबाइलवर नको ते दाखवलं गेलं असेल तर तेही याच यादीत.

चौथी, तीच गोष्ट वारंवार होत असेल तर. एकदा घडलेलं सांगायची घाई नको, पण दर भेटीला तेच होत असेल तर लपवून ठेवणं त्या आईवडिलांवरही अन्यायच.

कसं सांगायचं? मुलांसमोर नाही. व्हॉट्सअॅपच्या गटात तर मुळीच नाही. लिहिलेल्या संदेशाला आवाज नसतो. वाचणारा त्यात आपला राग मिसळून वाचतो, म्हणून शक्य तर फोन. सुरुवात घटनेपासून करावी, मतापासून नाही. ओळखीच्या मैत्रिणीला: "अगं, आज दोघांचं जरा वाजलं. मोटारीवरून ओढाताण झाली आणि त्यात तो हिच्या हाताला चावला. हिनंही आधी त्याचे केस ओढले होते. जागा धुतली, आता ठीक आहे. म्हटलं तुला माहीत असावं." फार ओळख नसेल तर: "तुम्हाला कळवावं म्हणून फोन केला. खेळताना दोनदा असं झालं. मी त्याला थांबवलं. तुम्ही घरी अशा वेळी काय करता, म्हणजे मीही तेच करीन." हे शेवटचं वाक्य सोनेरी आहे. त्यात आरोप नाही आणि माहिती मात्र मिळते. कधी कधी तिथूनच कळतं की मुलाला गोंगाट सहन होत नाही, किंवा झोप चुकली की असं होतं, किंवा घरात नवं बाळ आलंय, किंवा त्याच्यावर काही उपचार सुरू आहेत.

आपल्या मुलाचा वाटा सांगायला विसरू नये. "माझं लेकरू गरीब, तुमचं द्वाड" अशी मांडणी फार क्वचित खरी असते, आणि खरी असली तरी ऐकली जात नाही.

आता अवघड प्रसंग: आई किंवा वडील तिथेच बसलेत, बघताहेत, आणि काहीच बोलत नाहीत. कोण बोलणार? आधी त्यांना संधी द्यावी, पण फार लांब नाही. "तो वर चढलाय, चालेल का तुम्हाला?" असं विचारलं की बहुतेक जण उठतात. नाही उठले तर अंगाला लागणाऱ्या किंवा वस्तू मोडणाऱ्या गोष्टीत आपणच मुलाशी बोलावं, त्यांच्यासमोर, त्याच शांत आवाजात. त्यांना कदाचित आवडणार नाही. घर आपलं आहे. त्यांच्या घरी असू तेव्हा मात्र उलट: तिथले नियम त्यांचे. तिथे आपण फक्त आपल्या मुलाला उचलून बाजूला घ्यायचं.

उलटा प्रसंगही येतोच, कुणीतरी आपल्या मुलाला बोलतं. लगेच ढाल होऊन मधे उभं राहायचं नाही. थोपवलं असेल तर "बरं केलंत". अपमान केला किंवा हात लावला असेल तर मुलाला आधी तिथून दूर न्यायचं, मग त्या माणसाशी बोलायचं.

घाईत असाल तर

| प्रसंग | आधी हे | हे नको |
|---|---|---|
| दोन-तीन वर्षांचं मूल खेळणं हिसकावतं | लक्ष दुसरीकडे वळवणं, तसंच दुसरं खेळणं पुढे करणं | वाटून घेण्यावर भाषण |
| मारणं, चावणं | हात मधे, छोटं वाक्य, लागलेल्याकडे आधी लक्ष. दुखापत झाली असेल तर त्याच दिवशी पालकांना फोन | बदल्यात आपल्या मुलाला "तूही दे एक" सांगणं |
| "आम्ही तुला घेणार नाही" | थोडं थांबणं, खेळात भूमिका सुचवणं | हुकूम |
| शिव्या, उलट उत्तर | "आमच्याकडे असं बोलत नाहीत", आणि पुढे चालू | धक्का बसल्याचा अभिनय. त्यानं शिवीला भाव येतो |
| महागाची वस्तू मोडली | घडलं ते सांगणं | मुलासमोर भरपाईची चर्चा |
| धोक्याचा खेळ | आधी थांबवणं, मग फोन | "पुढच्या वेळी बघू" |

व्यवस्था बदलणं की भेटी थांबवणं

भेटी थांबवण्याआधी व्यवस्था बदलून पाहावी, कारण पुष्कळदा दोष मुलाचा नसतो, मांडणीचा असतो. तीन मुलं बोलावली की दोन एका बाजूला आणि एक एकटं, हे होतंच. दोन ठेवा किंवा चार. वेळ दीड-दोन तासांपुरताच ठेवा आणि खेळ रंगात असतानाच संपवा. शेवटचा अर्धा तास हा दमलेल्या, भुकेल्या मुलांचा असतो, आणि बहुतेक तक्रारी त्याच अर्ध्या तासातल्या असतात. नेण्याची वेळ आधी ठरवून घ्या. "येते तासाभरात" म्हणून तीन तासांनी येणारे पालक असतील तर त्यांना घड्याळातली वेळच सांगावी.

पाहुणा येण्याआधी आपल्या मुलालाच विचारून त्याची जिवापाड प्रिय खेळणी कपाटात ठेवावीत. "यातलं काय कुणाला दिलेलं तुला चालणार नाही?" जे बाहेर राहील ते सगळ्यांचं. हे एक पाऊल निम्मी भांडणं कमी करतं, आणि वाटून घ्यायची शिकवण देत बसण्यापेक्षा फार सोपं आहे. आल्या आल्या, काही घडायच्या आधी, दोन-तीन नियम सांगून टाकावेत: कुठल्या खोलीत जायचं नाही, दार बंद करायचं नाही, मारायचं नाही. जास्त नियम कुणाच्या लक्षात राहत नाहीत. घरात ज्याचं पाऊल ठरत नाही असं मूल मोकळ्या मैदानात अगदी वेगळं वागतं, तेव्हा जागाच बदलून पाहावी. किंवा पहिल्या एक-दोन भेटींना त्याच्या आईला किंवा बाबांनाही थांबायला सांगावं.

भेटी थांबवण्याचा निर्णय कधी? माझ्या लेखी तीन खुणा आहेत. आपलं मूल भेटीच्या आधीच काचकूच करतं, पोटात दुखतं म्हणतं, आणि ते मूल गेल्यावर मोकळं होतं. दुखापत पुन्हा पुन्हा होते आणि ती एकाच दिशेनं होते. आणि सांगूनही दुसऱ्या घरातून "मुलं आहेत, चालायचंच" यापलीकडे काही येत नाही. यातली पहिली खूण एकटीही पुरेशी आहे. मोठ्यांची मैत्री टिकावी म्हणून मुलाला दर आठवड्याला जिथे नको तिथे बसवणं योग्य नव्हे. मोठी माणसं मुलांशिवायही भेटू शकतात.

थांबवताना खोटी कारणं देत बसू नये. पाच वेळा "पाहुणे आलेत" सांगितलं की सहाव्यांदा समोरच्याला कळतंच, आणि मग मूळ गोष्टीपेक्षा खोटंच जास्त लागतं. "सध्या दोघांचं घरात जमत नाहीये, थोडे दिवस थांबू या. बागेत भेटू," इतकं मोकळेपणानं सांगता येतं. आपल्या मुलालाही तेच सांगावं, त्या मुलाच्या स्वभावावर शेरे न मारता. वर्गात किंवा जिन्यात ती दोघं उद्याही भेटणार असतात.

आणि ही बंदी कायमची समजू नये. लहान वयात चार-सहा महिन्यांत मुलं बरीच बदलतात. चावणारं मूल तेवढ्यात बोलायला शिकलेलं असतं. पुन्हा बोलवायचं झालं तर आधी बाहेर, तासाभरासाठी, दोघांनाच, आणि आपल्या मुलाला विचारून.